कार्बन बदलला तरी आउटलेटला औषध पुन्हा का दिसतं?

औषध कारखान्याच्या सांडपाण्यातलं उरलंसुरलं औषध शेवटी सक्रिय कार्बनच्या कॉलमने पकडावं अशी अपेक्षा असते. ते निसटतं, आणि तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. "कार्बन परवाच बदललाय, सीओडी दीडशेच्या आत आहे, तरी बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टला सिप्रो आलं." सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, लिटरला मिलिग्रॅममध्ये. सिप्रो म्हणजे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक; कधी त्याच्या जागी अझिथ्रोमायसिन असतं, कधी सल्फामेथॉक्झझोल. कार्बन बदलला की पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. मग पुरवठादाराला फोन, जास्त आयोडीन नंबरचा महागडा कार्बन, आणि पुन्हा पंधरा दिवस.

हे चक्र मी कोकणातल्या एका एमआयडीसीतल्या बल्क ड्रग (औषधाची मूळ पावडर बनवणाऱ्या) कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, बरेच महिने फिरवलं आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही, कारण शेजारच्या प्लॉटवरही हेच चाललं होतं. शेवटी दोष सापडला तो कार्बनच्या कॉलमपासून तीनशे फूट लांब. खाली जो क्रम दिला आहे तो मी शोधायला हवा होता तसा आहे. प्रत्यक्षात मी बरोबर उलटा शोधत गेलो आणि दोन ट्रक कार्बन वाया घालवला.

सीओडी बघून काही कळत नाही

हे आधी डोक्यातून काढा. सिप्रोच्या रेणूचं गणित मांडलं तर एक मिलिग्रॅम सिप्रो पूर्ण जळायला साधारण १.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे आउटलेटच्या प्रत्येक लिटरमध्ये एक मिलिग्रॅम सिप्रो असलं तर सीओडी १४८ चा १५० होईल. आपल्या डायक्रोमेटच्या टेस्टचा स्वतःचा हेलकावाच याहून मोठा असतो. उलट, अँटिबायोटिक बनवणाऱ्या कंपन्यांच्या एएमआर (औषधांना दाद न देणारे जिवाणू) इंडस्ट्री अलायन्सने धरलेली सिप्रोची सुरक्षित पातळी आहे लिटरला ०.०६ मायक्रोग्रॅम. याच आकड्याला पीएनईसी म्हणतात. एक मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या सोळा हजार पटींहून जास्त, आणि सीओडीच्या मीटरला त्याचा पत्ताही नाही.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं उदाहरण या धंद्यातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात सुमारे नव्वद औषध कारखान्यांचं सांडपाणी यायचं. स्वीडनच्या योआकिम लार्सन यांच्या गटाने २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात, तिथून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं. आता वरचं गणित लावा. ३१ मिलिग्रॅम सिप्रोने सीओडीत भर पडते पन्नासेकची. २५०च्या मर्यादेत ती आरामात लपून बसेल.

एक किलो सिप्रो गटारात गेलं तर ते ०.०६ मायक्रोग्रॅमवर आणायला किती पाणी लागेल? सुमारे १,६६७ कोटी लिटर, म्हणजे ०.६ टीएमसीच्या जवळ. खडकवासल्याचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी. एका किलोला धरणाचा तिसरा हिस्सा. हे गणित मी एकदा प्रॉडक्शनच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिलं. त्या दिवसानंतर रिअॅक्टरच्या तळाशी राहिलेल्या पावडरीला कोणी 'थोडीशी' म्हटलं नाही.

"प्रदूषण मंडळ तर विचारत नाही, मग कशाला?" असं विचारणारे असतात. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बल्क ड्रग कारखान्यांसाठी काढलेल्या मसुद्यात अँटिबायोटिकच्या अवशेषांच्या मर्यादा होत्या, आणि ऑगस्ट २०२१च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळाल्या, हे खरं आहे. पण युरोपातला गिऱ्हाईक ऑडिटला आला की तोच आकडा विचारतो. २०२२ मध्ये एएमआर इंडस्ट्री अलायन्सचं मानक आलं, सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्यावर मार्गदर्शिका काढली. आता ऑर्डरच त्यावर अडते.

एक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण त्यावरून उगाच भांडणं होतात. अलायन्सच्या हिशेबात पीएनईसी लावतात ती पाणी जिथे जाऊन मिसळतं त्या नदी-ओढ्याला, तुमच्या पाइपच्या तोंडाला नव्हे. मधलं पातळ होणं हिशेबात धरता येतं. पण कोकणातला ओढा मे महिन्यात कोरडा असतो. तेव्हा त्यात वाहतं ते आपलंच पाणी, मग पातळ होणार ते कशात?

नमुना नीट घेतलाय का?

पहिली चूक इथेच होते. आमच्याकडे 'निर्मूलन ९२ टक्के' असा एक रिपोर्ट होता, आणि पुढच्याच महिन्यात 'उणे ४० टक्के'. म्हणजे ईटीपीत औषध तयार होत होतं की काय! कारण साधं होतं. इनलेट आणि आउटलेटचे नमुने एकाच दिवशी सकाळी दहा वाजता घेतलेले. इक्वलायझेशन टँक (पाणी एकसारखं करणारी), एरेशन टँक (हवा देऊन जिवाणूंना घाण खायला लावणारी) आणि क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारा) मिळून पाणी आमच्याकडे तीन दिवस राहायचं. आज आउटलेटला दिसणारं पाणी तीन दिवसांपूर्वीचं, आणि इनलेटला दिसतं ते आजचं. या दोघांची वजाबाकी म्हणजे कालच्या भरतीतून आजची ओहोटी वजा करणं. चोवीस तासांचा मिश्र नमुना घ्या, दर दोन तासांनी ठरावीक माप, आणि आउटलेटचा नमुना तेवढे दिवस मागे सरकवून घ्या. रोज जमत नसेल तर निदान उत्पादन बदलतं त्या आठवड्यात तरी घ्या.

बाटलीचंही बघा. फ्लुरोक्विनोलोन उन्हात तुटतात, आणि काचेला, गाळणकागदाला, धातूंना चिकटतात. पारदर्शक बाटली दुपारभर टपरीवर ठेवून कुरियरला दिली तर लॅबला कमी दिसणारच. गडद बाटली, बर्फ, त्याच दिवशी रवाना. पाण्यात क्लोरीन असेल तर थायोसल्फेट टाकून मारा, नाहीतर औषध वाटेतच संपतं आणि आपण निष्कारण खूश होतो. लॅबला हेही विचारा की एलसीएमएसवर (औषध सूक्ष्म प्रमाणात मोजणाऱ्या यंत्रावर) आपल्याच पाण्यात ठरावीक औषध मिसळून किती परत मिळतं ते त्यांनी पाहिलंय का. आपल्या पाण्यात इतकं मीठ आणि घाण असते की यंत्राचा सिग्नल दबतो. शुद्ध पाण्यावर बसवलेली पद्धत इथे निम्मं खाऊन टाकू शकते.

शहराच्या मैलापाण्यावर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे 'उणे' टक्के खरेही असू शकतात. कार्बामाझेपिन (फिट्सवरचं औषध) किंवा सल्फामेथॉक्झझोल शरीरातून काही अंशी दुसऱ्या रेणूला जोडलेल्या रूपात बाहेर पडतं, लॅब ते मोजत नाही, आणि टाकीतले जिवाणू ती जोडणी तोडून मूळ औषध मोकळं करतात. कार्बामाझेपिन तर साध्या जैविक प्रक्रियेत जवळजवळ हलतच नाही. पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन मात्र नव्वद टक्क्यांच्या वर जातात. 'औषधं जातात का?' या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. कोणतं औषध, ते आधी सांगा.

गेलं, की नुसतं जागा बदलली?

सिप्रो एरेशन टँकमध्ये कमी होतं, हे खरं. पण ते बहुतांश जिवाणूंनी खाल्लेलं नसतं, स्लजला, म्हणजे जिवाणूंच्या गाळाला, चिकटलेलं असतं. कागदावर 'निर्मूलन', प्रत्यक्षात स्थलांतर. आणि स्लज एका जागी कुठे बसतो? क्लॅरिफायर जरा ढवळला की तो आउटलेटला निघतो.

धरा, तुमच्या स्लजच्या एका किलोत १०० मिलिग्रॅम सिप्रो आहे आणि क्लॅरिफायरमधून लिटरला ५० मिलिग्रॅम गाळ निसटतोय. तेवढ्या गाळातूनच लिटरला ५ मायक्रोग्रॅम सिप्रो जातं, पीएनईसीच्या ऐंशी पट. विरघळलेलं औषध शून्य असलं तरी! या औषधाला कार्बन पकडत नाही, कारण ते मुळात विरघळलेलं नाही. गाळ कॉलमच्या डोक्यावर साचतो, दाब वाढतो, मग कोणीतरी बॅकवॉश (खालून उलटं पाणी) देतं.

तपासायला सोपं आहे. आउटलेटचा एकच नमुना दोन भागांत पाठवा, एक जसाच्या तसा, एक गाळून. दोन्हींत मोठा फरक आला तर कार्बनचा पिच्छा सोडा आणि क्लॅरिफायरकडे वळा. १ लिटरच्या मापनपात्रात ३० मिनिटांनी स्लज किती बसतो, वरचं पाणी गढूळ राहतं का, ते रोज बघा. आमच्याकडे ऑपरेटर हा आकडा लॉगशीटवर इमानाने लिहायचे आणि तो वाचत कोणीच नव्हतं, मीसुद्धा. कॉलमच्या आधी चांगला सँड फिल्टर बसवला तेव्हा पहिला खरा फरक दिसला.

फिल्टर प्रेसमधून गळणारं पाणीही बघा. ते पुन्हा इनलेटला जातं ना? मग स्लजमधलं थोडं औषध दर शिफ्टला फेरी मारून परत येतंय.

आता कार्बन

कार्बनला 'औषध पकड, बाकी सोड' असं सांगता येत नाही. तो जे येईल ते धरतो. १,००० किलो कार्बनच्या कॉलममधून रोज १०० घनमीटर पाणी जातंय आणि त्याचा सीओडी २०० आहे, असं धरा. म्हणजे रोज २० किलो सीओडी दारात. कार्बन किलोला ०.२ किलो सीओडी धरतो आणि आलेलं सगळं पकडतो, असं मानलं तर दहाव्या दिवशी घर भरलं. औषध त्यात काही ग्रॅम असेल, ते रांगेत मागे उभं. शहराच्या स्वच्छ झालेल्या पाण्यावर हाच कार्बन कॉलमच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी पास करतो, म्हणून माहितीपत्रकातले आकडे वाचून फसू नका. ते आपल्या पाण्याचे नाहीत.

आयोडीन नंबरचा मोहही सोडा. आयोडीनचा रेणू छोटा, तो बारीक छिद्रांत शिरतो, आणि आयोडीन नंबर त्याच छिद्रांची मोजदाद करतो. आपल्या पाण्यातले मोठे सेंद्रिय रेणू त्या छिद्रांच्या तोंडाशी जाऊन बसतात. मी ९०० सोडून १,१०० वाला कार्बन आणला तेव्हा बिल वाढलं, दिवस वाढले नाहीत. पुरवठादाराकडून तीन प्रकारचे एकेक किलो नमुने मागवा, बारीक दळा, आपल्याच आउटलेटच्या पाण्यात वेगवेगळ्या मात्रेत जार टेस्ट करा, आणि निकाल औषधावर लावा, सीओडीवर नको.

याच कॉलमच्या आणखी तीन खोडी.

इनलेटचं औषध अचानक कमी झालं की भरलेला कार्बन आधी पकडलेलं सोडायला लागतो. बाहेरचं आतल्यापेक्षा जास्त येतं. आमच्या 'उणे' आकड्यांपैकी काही असे होते. सिप्रोचं कॅम्पेन (एकाच औषधाचं सलग उत्पादन) संपून आठवडा झाला, रिअॅक्टरमध्ये दुसरंच काही चाललंय, आणि आउटलेटला सिप्रो! प्रॉडक्शनवाले शपथेवर सांगत होते की आम्ही काही सोडलेलं नाही, आणि ते खरं बोलत होते.

दुसरी खोडी बॅकवॉशची. वरून खाली जाणाऱ्या कॉलममध्ये वरचा थर आधी भरतो आणि तळाचा ताजा थर शेवटपर्यंत राखण करतो. जोरदार बॅकवॉशने हे थर ढवळले जातात. भरलेले दाणे तळाला येतात आणि तिथून थेट आउटलेटला सोडायला लागतात. आम्ही दर दिवसाआड बॅकवॉश द्यायचो, आणि त्याचं मूळ कारण वरचा गाळ. म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक बसवलेली.

तिसरी, जोडणी. दोन कॉलम समांतर असतील तर दोन्ही एकाच वेळी भरतात, आणि एकाच वेळी औषध सोडायला लागतात. तेच एकामागे एक जोडा. पहिल्यातून औषध निसटायला लागलं की दुसरा पकडतो. मग पहिल्यातला कार्बन बदलायचा आणि त्याला रांगेत मागे लावायचं. चार व्हॉल्व्ह आणि थोडा पाइप, एवढाच खर्च. मधल्या जागी सॅम्पलिंगचा नळ मात्र विसरू नका, तो नसेल तर हा सगळा खटाटोप आंधळा.

पाण्याला कार्बनबरोबर किती मिनिटं मिळतात तेही मोजा. कार्बनच्या थराचं आकारमान भागिले प्रवाह, पंधरा ते तीस मिनिटं हवीत. आमचा पंप दिवसाचं पाणी रात्रपाळीच्या सहा तासांत ढकलायचा, कारण तेव्हा दिवसा वीज महाग पडायची. सरासरीवर तीस मिनिटं, प्रत्यक्षात साडेसात.

फेंटनने सुटत नाही का?

सुटतं, पण फेंटन (लोखंडाचा क्षार आणि पेरॉक्साइडने घाण जाळण्याची पद्धत) दोन ठिकाणी फसवतं. पीएच तीनच्या आसपास फेरस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की रंग जातो, सीओडी उतरतो, सगळे खूश. पण पेरॉक्साइड उरलं तर ते सीओडीच्या टेस्टमध्ये स्वतःच सीओडी म्हणून मोजलं जातं. लिटरला १ मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरलं तर सीओडी ०.४७ ने फुगतो. दोनशे मिलिग्रॅम उरलं तर जवळपास शंभर. ऑपरेटर म्हणतो 'सीओडी उतरत नाही', आणखी पेरॉक्साइड टाकतो, सीओडी आणखी वाढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तीन दिवस चाललं होतं. आणि तेच उरलेलं पेरॉक्साइड एरेशन टँकमध्ये गेलं की जिवाणूंचा बळी. पेरॉक्साइडच्या पट्ट्या मिळतात, त्या शिफ्टच्या टेबलावर ठेवा. पीएच वाढवून हवा दिली की ते बरंचसं तुटतं, पण खात्री पट्टीनेच करा.

दुसरं ठिकाण मीठ. क्लोराइड जास्त असलेल्या पाण्यात फेंटनचे जहाल कण औषधावर जाण्याआधी क्लोराइडवरच खर्च होतात. जास्त टीडीएसच्या (विरघळलेल्या क्षारांच्या) पाण्यावर फेंटन म्हणजे पैसे जाळणं.

आणि एक धोक्याची सूचना, यात गंमत नाही: मदर लिकरमध्ये (औषधाचे स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रावणात) अॅसिटोन असेल तर आम्ल आणि पेरॉक्साइड त्याच्या जवळही नेऊ नका. त्यातून स्फोटक पेरॉक्साइड तयार होऊ शकतं. आधी सॉल्व्हंट स्ट्रिपरमधून काढा, मग पुढचं बघा.

ओझोनबद्दल लोक विचारतात, कारण स्वित्झर्लंडचं नाव ऐकलेलं असतं. तिथे २०१६ पासून कायद्याने शंभराहून अधिक शहरी केंद्रांना ओझोन किंवा कार्बनचा जादा टप्पा जोडायचा आहे, ठरावीक पदार्थ सरासरी ८० टक्के काढण्यासाठी. झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फचं नॉयगुट केंद्र २०१४ पासूनच ओझोनवर चालतं. पण ते शहराचं पाणी. ओझोन कार्बामाझेपिन आणि डायक्लोफिनॅकवर वाघासारखा तुटून पडतो, आयबुप्रोफेनवर आणि एक्स-रेच्या आयोडीनवाल्या औषधांवर मात्र ढिला. आपल्याकडे त्याचं खरं वैर नायट्राइटशी. १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन ३.४ मिलिग्रॅम ओझोन गिळतं. आपल्या एरेशन टँकमध्ये अमोनिया अर्धवट तुटून नायट्राइटवर अडकण्याचं प्रमाण मोठं, मग ओझोन औषधापर्यंत पोचतच नाही. आणि हे अर्धवट तुटणं कशामुळे? बऱ्याचदा त्याच अँटिबायोटिकमुळे.

अमोनिया आधी बोलतो

टाकीतल्या जिवाणूंत अमोनिया खाणारे सगळ्यात नाजूक. त्यांना विष लागलं की सीओडी उतरत राहतो पण आउटलेटचा अमोनिया चढतो. एलसीएमएसचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागतात, अमोनिया अर्ध्या तासात कळतो. माझ्या मते औषधाच्या पाण्यावर याहून स्वस्त पहारेकरी नाही. मी मागच्या आठ महिन्यांचे अमोनियाचे आकडे एका कागदावर मांडले, आणि त्याच्या खाली प्रॉडक्शनचं कॅम्पेनचं कॅलेंडर ठेवलं. दर चढाव उत्पादन बदलल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. कॅम्पेन चालू असताना नाही, बदलताना.

तिथे माझी ट्यूब पेटली. पंधरा दिवसांचं ते चक्र कार्बनचं होतंच, पण नुसतं कार्बनचं नव्हतं. कार्बन सीओडीने दहा-बारा दिवसांत भरून जायचा, आणि त्याच सुमारास प्लांटवर रिअॅक्टर, सेंट्रिफ्यूज, ड्रायर धुतले जायचे. ऐन धुलाईच्या वेळी कॉलममध्ये जागाच नसायची. नवा कार्बन मात्र आम्ही टाकायचो ते रिपोर्ट हातात आल्यावर, म्हणजे धुलाई उरकून आठवडा-दहा दिवसांनी, गरज नसताना. पुढच्या धुलाईपर्यंत तोही भरलेला.

कोणत्या पाण्यातून किती येतंय हे शोधायला एलसीएमएसची वाट बघू नका. अँटिबायोटिकच्या कारखान्यात क्यूसीची मायक्रो लॅब असतेच, आणि तिथे आगरच्या प्लेटवर खळगे पाडून पोटन्सी तपासणं रोजचं काम. प्रत्येक ड्रेनचं, प्रत्येक धुलाईचं पाणी त्यांना द्या, बॅसिलस सबटिलिसची प्लेट, दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती जिवाणू न उगवलेलं वर्तुळ मोजा. पीएनईसीइतकं सूक्ष्म यात दिसत नाही, पण चोर पकडायला पुरतं. पीएच मात्र आधी सातवर आणा, आणि सॉल्व्हंट उडवून टाका, नाहीतर वर्तुळ सॉल्व्हंटचं आणि आळ औषधावर. मायक्रोच्या मॅडमना आधी वाटलं मी गटाराचं पाणी त्यांच्या स्वच्छ लॅबमध्ये आणून सूड घेतोय. पुढे त्यांनीच वेगळा इनक्युबेटर काढून दिला.

आमच्याकडे सगळ्यात मोठं वर्तुळ आलं ड्रायर आणि सेंट्रिफ्यूजच्या पहिल्या खंगाळाचं. मदर लिकर आधीच वेगळ्या टाकीत जायचं, त्यावर सगळ्यांचं लक्ष. धुलाईचं पाणी 'साधं पाणी' म्हणून थेट कमी टीडीएसच्या लाइनला. तिसऱ्या खंगाळाला वर्तुळ जवळपास नाहीसं. म्हणजे औषधाचा मोठा हिस्सा पहिल्या दोन-तीनशे लिटरमध्ये होता, आणि आम्ही तो शंभर घनमीटरमध्ये मिसळून मग त्यातून वेचून काढायला बसायचो. चिमूटभर हळद बादलीत टाकून मग गाळणीने शोधण्यातला प्रकार.

उपाय असे झाले. धुण्याआधी कोरडी सफाई: खरवडून, व्हॅक्यूमने पावडर काढायची आणि धोकादायक कचऱ्याच्या पिशवीत, इन्सिनरेटरला. पहिलं खंगाळ ड्रममध्ये वेगळं धरायचं. पुढे काय करायचं हे औषधावर. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटाचं असेल तर कॉस्टिकने पीएच अकरा-बारावर नेऊन ठेवलं की बीटा-लॅक्टमचं कडं उघडतं आणि जोर जातो. किती तास, ते आपल्या औषधावर प्लेट लावून ठरवा. अमोनियमचे क्षार असतील तर अमोनियाचा भपका येतो, टाकी स्क्रबरला जोडलेली हवी. सिप्रोला कॉस्टिक काही करत नाही, तो कणखर आहे. त्याचं पहिलं खंगाळ आम्ही थेट जाळायला पाठवतो. एरिथ्रोमायसिन आम्लात मोडतं. दुसरं खंगाळ साठवून रोज थोडं थोडं सोडायचं, आणि सोडण्याआधी टाकीतल्या स्लजवर ऑक्सिजन खाण्याच्या वेगाची चाचणी: त्यातलं थोडं पाणी मिसळल्यावर वेग पडला तर अजून पातळ.

"सरळ झेडएलडी (थेंबही बाहेर न सोडणारी यंत्रणा) लावा ना" म्हणणाऱ्यांना: लावलेलं आहे, निम्म्या पाण्यावर. एमईईत, म्हणजे पाणी आटवणाऱ्या यंत्रात, उकळून औषध नाहीसं होत नाही, ते मिठात राहतं, आणि फेस आला की वाफेपासून परत मिळणाऱ्या पाण्यातही उडी मारतं. मीठ कुठे जातंय ते विचारा.

खर्चावरून प्रॉडक्शन मॅनेजरशी वाद झाला, तो होणारच. ड्रम, जागा, जाळण्याचे किलोमागे पैसे, धुलाईला दीड तास जास्त. मी कार्बनची वर्षाची बिलं पुढे ठेवली. युरोपात तर २०२४च्या नव्या निर्देशाने शहरी केंद्रांच्या या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधन बनवणाऱ्यांवर टाकला आहे, हेही सांगितलं, पण त्यांना पटलं ते बिलांमुळे.

पहिलं खंगाळ वेगळं धरायला लागल्यापासून, आणि सँड फिल्टर आणि एकामागे एक कॉलम झाल्यापासून, धुलाईनंतर अमोनिया चढत नाही आणि कार्बन आम्ही मधल्या नळाचा रिपोर्ट बघून बदलतो, कॅलेंडर बघून नाही.

एक जागा मात्र उरली होती. पहिल्या वर्षी जूनमध्ये, सगळं नीट चाललेलं असताना, पहिल्या मोठ्या पावसानंतर आउटलेटला पुन्हा सिप्रो. कॅम्पेन नव्हतं, धुलाई नव्हती. पॅकिंगच्या शेडमागच्या पावसाळी गटारात वर्षभराची सांडलेली पावडर चिखलात बसली होती, आणि त्या गटाराला कोणीतरी कधीतरी ईटीपीच्या चेंबरला जोडून ठेवलं होतं. आता मेच्या शेवटच्या आठवड्यात ती गटारं आम्ही कोरडी खरवडतो. तुमच्याकडेही फक्त जूनमध्येच औषध दिसत असेल तर कॉलम उघडण्याआधी छत्री घेऊन शेडच्या मागे एक चक्कर मारा.